लिलीच्या कुंडीमागे

हिरव्या पानाखालून आधी पायाचा अंगठा निघाला.

मी कापसाची काडी खाली ठेवली आणि भिंग पुढे ओढलं. तपकिरी अंगठा, शेजारी दुसरं बोट, मग टाचेपर्यंतचा सगळा पाय. अनवाणी. त्या चित्रात बाकी सगळ्यांच्या पायांत टोकदार जोडे होते.

खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या बीबी झुवेनांनी विचारलं, "कौन निकला?"

"अभी सिर्फ पाँव निकला है, बीबी."

त्या खूश झाल्या. लिलीच्या कुंडीमागे कोण लपलंय यावर आमचे रोज अंदाज चालायचे. त्यांच्या मते तिथे चोर होता. मी म्हणत होते, कुत्रा असेल, जुन्या मेजवान्यांच्या चित्रांत एखादा कुत्रा असतोच. पाय माणसाचा निघाला म्हणजे त्या जिंकल्या. जिंकल्याबद्दल त्यांनी मला आणखी एक मंदाझी खायला लावली. मंदाझी म्हणजे वेलची घातलेला, किंचित गोड, तळून फुगवलेला पाव. झांझिबारमध्ये वाढलेल्या ओमानी घरांत कॉफीबरोबर तो हमखास असतो.

मी कॉन्झर्वेटर आहे. लोक रिस्टोरर म्हणतात, पण दोन्हींत फरक आहे. रिस्टोरर जुनी वस्तू नव्यासारखी करून देतो. आम्ही ती आहे तशी टिकवायचा प्रयत्न करतो. माझं काम मुख्यतः रंगवलेल्या लाकडावर. मस्कतमध्ये एका इंटिरियर कंपनीत मी तेव्हा नोकरी करत होते. कंपनीचं वर्कशॉप घाला इंडस्ट्रियल एरियात होतं. आमचं घर अल अमेरातला. डोंगररस्त्याने बौशरला उतरलं की उजव्या हाताला नवे व्हिले दिसायचे. तेलाचे भाव पडायच्या आधीची ती वर्षं. जो तो बांधत होता आणि आत काय ठेवायचं म्हणून आमच्याकडे येत होता.

सईदसाहेबांचं तसं नव्हतं. काय ठेवायचं ते त्यांनी आधीच ठरवलं होतं. ते शिपिंगमधले, साठीच्या आसपासचे, बोलायला मऊ. तरुणपणी इंग्लंडमध्ये शिकले. तिथल्या एका मित्राच्या घरी ते सुट्टीत राहायला जायचे. घर म्हणजे गावाबाहेरचं मोठं कंट्री हाउस, राणी व्हिक्टोरियाच्या काळात बांधलेलं. त्या काळी काही आर्किटेक्ट घर आणि घरातलं फर्निचर एकत्रच डिझाइन करायचे. हे कपाट याच भिंतीसाठी, हा पलंग याच खोलीसाठी. आणि फर्निचर नुसतं पॉलिश न करता त्यावर चित्रं रंगवायचे. लाल, हिरवा, सोनेरी. राजे, राण्या, पक्षी, खाली पट्टीवर जुन्या वळणाची अक्षरं. आपल्याकडे देवळाच्या लाकडी मखरावर जसं काम असतं तसं, फक्त बेडरूममध्ये.

मित्र गेला. घर विकलं गेलं, सामानाचा लिलाव झाला. सईदसाहेब ज्या खोलीत उतरायचे तिथला वॉशस्टँड त्यांनी घेतला आणि कंटेनरमधून मस्कतला आणला.

वॉशस्टँड म्हणजे हात-तोंड धुवायचं टेबल. नळ घरोघरी यायच्या आधीची चीज. वर संगमरवरी लादी, तिच्यात खोल भांडं, मागे आरसा, खाली दोन दारांचं कपाट. नोकर गरम पाण्याचा जग आणून ठेवायचे. हा वॉशस्टँड माझ्यापेक्षा उंच होता. दोन्ही दारांवर एकच चित्र पसरलेलं होतं. डावीकडे मेजवानीला पाहुणे येतायत. उजवीकडे राणी हात धुतेय, मागे दासी टॉवेल घेऊन उभी, आणि पुढे मोठी निळी कुंडी, तिच्यात लिलीचं झाड.

सईदसाहेबांना तो जेवणघराबाहेर ठेवायचा होता, जिथे पाहुणे जेवणाआधी आणि नंतर हात धुतात तिथे. नव्या बेसिनच्या शेजारी, शोभेला. पाहुण्यांना तिथे उभं करून आपण त्याची गोष्ट सांगू, असं ते म्हणाले होते. ती गोष्ट त्यांनी मलाही पहिल्याच दिवशी सांगितली. आपण कोण, कुठले, त्या लोकांना नकाशात दाखवताही आलं नसतं. तरी आपण पहिल्यांदा राहायला गेलो तेव्हा त्यांनी आपल्यासाठी खोली नव्याने रंगवून घेतली होती. असे लोक होते ते, असं ते म्हणाले.

इथल्या हवेने वॉशस्टँडची दैना केली होती. बाहेर दमट, आत एसीची कोरडी हवा. लाकूड फुगतं, आकसतं, वरचा रंग पापड होऊन सुटतो. ट्रकमध्ये घालून वर्कशॉपला नेला असता तर निम्मा रंग वाटेत गळला असता. म्हणून मी त्यांच्या घरीच काम करायचं ठरलं. खालच्या मजल्यावरची एक खोली मला दिली. ती बीबी झुवेनांची, म्हणजे सईदसाहेबांच्या आईची, सकाळी बसायची खोली होती. त्यांनी ती सोडली नाही. खुर्ची तेवढी खिडकीकडे सरकवली.

ऐंशीच्या पुढच्या होत्या. सावळ्या, सडपातळ, पाठ ताठ. जन्म झांझिबारचा. तिथे क्रांती झाली तेव्हा सगळं सोडून पळालेलं कुटुंब, बऱ्याच वर्षांनी ओमानला परतलेलं. लहानपणी शेजारी कच्छी व्यापारी होते आणि गल्लीच्या टोकाला हिंदी सिनेमाचं थिएटर. त्यामुळे त्यांची हिंदी सिनेमातल्या आईसारखी होती. मला बेटी म्हणायच्या. चित्रं असलेल्या खोलीत त्या नमाज पढत नसत. वेळ झाली की पलीकडे जायच्या आणि परत येऊन विचारायच्या, "कहाँ तक पहुँची?"

सुटलेला रंग चिकटवून झाल्यावर मी अल्ट्राव्हायोलेट दिवा लावून पाहिलं. हे आमचं नेहमीचं काम. जुनं व्हार्निश त्या दिव्याखाली हिरवट चमकतं. नंतर कोणी वरून रंग चढवला असेल तर तो भाग काळा दिसतो. अशा रंगाला आम्ही ओव्हरपेंट म्हणतो. लिलीचं झाड कुंडीसकट काळं दिसलं.

तशीही मला त्या लिलीची शंका होतीच. राणीने दोन्ही हात पुढे केले होते, पण हातांखाली पाणी नव्हतं, भांडं नव्हतं. ती लिलीच्या पानांत हात धूत होती. आणि पानं भयंकर वाईट काढलेली होती. बाकी चित्रातला एकेक केस वेगळा दिसत होता, आणि इथे खिडकीच्या चौकटीला मारतात तसला चकचकीत घरगुती हिरवा. त्यात ब्रशचा एक केस अडकला होता. तो नायलॉनचा निघाला. म्हणजे व्हिक्टोरियन काळाचा प्रश्नच नव्हता.

मी सईदसाहेबांना फोन केला. ते कामासाठी सूर बंदरात होते. मी सांगितलं, ही लिली मूळची नाही. कोणा हौशी माणसाने नंतर काढलीय आणि चांगल्या चित्राची वाट लावलीय. खाली मूळ रंग शाबूत असणार, काढू का? ते म्हणाले, ती लिली मला आठवते. मग म्हणाले, पण तुम्ही एक्स्पर्ट आहात, मिस वैशाली. मूळचं नसेल तर काढा.

आमचे मॅनेजर मेनन सर तर आनंदाने उडालेच. खाली एखादं घराण्याचं चिन्ह निघालं, आर्किटेक्टची सही निघाली, तर कंपनीचं नाव होईल. त्यांनी रोज फोटो पाठवायला सांगितलं.

काम सोपं होतं. नवा रंग जुन्यापेक्षा लवकर विरघळतो. काडीला कापूस गुंडाळायचा, सॉल्व्हंटमध्ये बुडवायचा, रंगावर हलकेच फिरवायचा. कापूस हिरवा झाला की टाकायचा, दुसरा घ्यायचा. बीबींना तो हिरवा कापूस पाहून मजा वाटायची. मी त्यांना लिलीच्या पानांतल्या चुका दाखवत होते. ही पाहा, लिलीची पानं अशी असतात का? हा केळीचा पाला झाला. आम्ही दोघी हसायचो. ते हसणं मला आता आठवतं.

पायानंतर पोटऱ्या निघाल्या, मग गुडघे. एक जमिनीला टेकलेला. चोर गुडघे टेकून का बसेल, असं बीबी म्हणाल्या. आता त्यांचं म्हणणं होतं की हा राणीचा प्रियकर असावा.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मी लवकर पोचले. बीबींची खुर्ची रिकामी होती. वरच्या पानांचा भाग घेतला. दोन हात निघाले, हातांत पितळी परात, तीच जिच्यात राणी हात धूत होती. मग खांदा. मग गळा. गळ्यात काहीतरी चमकलं. मला वाटलं दागिना. मी भराभर कापूस फिरवला. तो दागिना नव्हता. पट्टा होता. धातूचा, कुत्र्याला घालतात तसा, पुढे कडी असलेला.

मी तिथे थांबायला हवं होतं. थांबले नाही. वर चेहरा होता आणि मूळ रंग इतका छान, इतका अलगद मोकळा होत होता की हात थांबेना. आमच्या कामातली ही एक नशा आहे. दोनेक तासांत सगळा माणूस समोर आला. माणूस कसला, मुलगा. आफ्रिकन मुलगा, दहा-बारा वर्षांचा असेल, गुडघ्यावर बसून परात वर धरलेला.

मग मी चेहरा नीट पाहिला. राणीचा, दासीचा, पाहुण्यांचा, प्रत्येकाचा चेहरा वेगळा होता. चित्रकाराने माणसं समोर बसवून ते काढले असणार. या मुलाला चेहराच नव्हता. तपकिरी डाग, त्यात दोन पांढरे डोळे आणि लाल ओठ. चित्रकाराने त्याला कधी पाहिलं नव्हतं आणि पाहायची गरज त्याला वाटली नव्हती.

दाऊदभाई तेव्हा खोलीत होते. आमचे सुतार, रत्नागिरीकडचे. एसीने तडकलेली बाजूची फळी जोडायला आले होते. ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "झाकून टाका बाई. म्हातारबाई येतील आता."

बीबींचा रंग, त्यांचे केस, त्यांचं झांझिबार, हे सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यात एकदम आलं. इतके दिवस त्या माझ्यासमोर बसल्या होत्या. मी पातळ टिश्यू घेतला आणि सगळ्या आकृतीवर चिकटवला. बीबी आल्यावर सांगितलं की रंग कच्चा आहे, आता काही दिवस बघता येणार नाही. त्या "इन्शाल्ला" म्हणाल्या आणि कॉफी ओतू लागल्या. कप घेताना माझ्या हातून कॉफी सांडली.

बाहेर जाऊन मेनन सरांना फोन केला. काय निघालंय ते सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "ओरिजनल आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर. क्लायंट इंग्लंडमध्ये शिकलेला माणूस आहे. ब्रॉड-माइंडेड आहे. तुम्ही रंग बघा वैशाली, रंगाचा अर्थ कशाला काढता?"

सईदसाहेब सूरहून परतले तशी त्यांना दाखवायची वेळ ठरली. मेनन सर सूट घालून आले. बीबी नमाजाला पलीकडे गेल्या होत्या, ती वेळ मी मुद्दाम निवडली होती. मी टिश्यू ओला करून सोडवला.

सईदसाहेब पुढे वाकले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मेनन सर इंग्रजीत सुरू झाले, की किती दुर्मीळ, किती उत्तम अवस्थेत. सईदसाहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मला विचारलं, ही लिली कधी काढली असेल?

मी म्हणाले, रंगावरून पाहता साठ-सत्तरच्या दशकांत. घरगुती रंग आहे. खिडक्या-दारांना मारायचा.

ते खुर्चीत बसले. मग त्यांनी सांगितलं ते असं. पहिल्यांदा त्या घरी गेले तेव्हा नाताळची सुट्टी होती. बाहेर बर्फ. तरी त्यांच्या खोलीच्या खिडक्या सताड उघड्या होत्या, कारण आत ताज्या रंगाचा वास कोंडला होता. खिडकीच्या कट्ट्यावर हात टेकला तर कोटाच्या बाहीला हिरवा रंग लागला. एकच कोट होता त्यांच्याकडे. मित्राची आई धावत आली. टर्पेंटाइनने तिने स्वतः बाही पुसली. माफी मागत होती, पुन्हा पुन्हा, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. एका कोटासाठी ही बाई रडते, याचं त्यांना तेव्हा फार अप्रूप वाटलं होतं. ही गोष्ट त्यांनी आपल्या मुलांना सांगितली होती, नातवंडांना सांगितली होती. माझ्यासाठी खोली रंगवली.

"खोली नाही," ते म्हणाले. "हा रंगवला."

मी मान खाली घातली. कापसाचे हिरवे बोळे भरलेली बादली माझ्या पायाशी होती. जिला मी हौशी हात म्हटलं, जिच्या पानांना आम्ही हसलो, ती बाई कदाचित घाईत, पाहुणा यायच्या आदल्या दिवशी, खिडकीच्या डब्यातला रंग घेऊन तिथे गुडघे टेकून बसली असेल. तिला चित्रकला येत नव्हती. तिला लाज वाटली होती, आणि एवढंच तिला सुचलं होतं. मी ते सबंध काढून टाकलं होतं. आमच्या शास्त्राप्रमाणे, अगदी बरोबर पद्धतीने.

सईदसाहेब बराच वेळ त्या मुलाकडे बघत होते. मग अगदी हळू म्हणाले, की मी आत यायच्या आधीच त्या घरच्यांना मी असा दिसलो होतो. जेवायला त्यांच्या शेजारी बसवलं मला, आणि त्यांच्या मनात हा होता. मग एकदम उठले आणि मला म्हणाले की हे परत झाकता येईल का.

येईल, मी म्हणाले. मधे एक व्हार्निशचा थर देऊन वर नवा रंग लावता येतो. खालच्याला काही होत नाही. मी इतक्या चटकन हो म्हणाले याचं मलाच नवल वाटलं. मूळ चित्र झाकायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा. पण मला तिथून सुटायचं होतं. जुन्या फोटोवरून मी तीच लिली काढली असती, बरी काढली असती, आणि खलास. मेनन सरही लगेच म्हणाले, नो प्रॉब्लेम सर, होऊन जाईल.

तेवढ्यात बीबी दारात उभ्या होत्या. कधीपासून, माहीत नाही.

त्यांना कोणी अडवलं नाही. त्या चालत वॉशस्टँडपाशी आल्या, एक हात संगमरवरावर टेकला आणि वाकून पाहिलं. मुलाच्या चेहऱ्याकडे, पट्ट्याकडे, परातीकडे. मी "बीबी, माफ करना" असं काहीतरी पुटपुटले. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. सईदसाहेब त्यांच्याशी स्वाहिलीत बोलले, मऊ आवाजात, बहुधा तेच सगळं, नाताळ आणि कोट आणि खिडकी. आमच्यापासून काही लपवायचं असतं तर बीबीही स्वाहिलीतच बोलल्या असत्या. त्या हिंदीत बोलल्या.

"तू इसमें अपने को ढूँढ रहा है," त्या सईदसाहेबांना म्हणाल्या. "हम ये नहीं हैं."

मग त्यांनी राणीच्या पुढे केलेल्या हातांवर बोट ठेवलं. "हम ये हैं."

मेनन सर खाली कार्पेटकडे बघत होते.

बीबी खुर्चीत बसल्या आणि सांगू लागल्या. झांझिबारच्या त्यांच्या घरात जेवणाआधी एक माणूस परात आणि सुरई घेऊन यायचा. आधी आजोबांचे हात, मग वडिलांचे, मग पाहुण्यांचे, शेवटी मुलांचे. पाणी कोमट असायचं, बीबींना गरम सोसत नाही म्हणून तो त्यांच्या पाळीला थोडं गार मिसळून आणायचा. त्याचे केस पांढरे होते. तरी घरात सगळे त्याला 'बॉय' म्हणायचे. त्याला लहानपणी आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरून आणला होता, पणजोबांच्या वेळी, विकत. कायदा झाला, गुलामी संपली, तो कुठे गेला नाही. कुठे जाणार होता? त्याचं नाव मबरूक. मबरूक म्हणजे आशीर्वाद लाभलेला, शुभ. ते नावही पणजोबांनी ठेवलेलं. त्याच्या आईने काय नाव ठेवलं होतं ते त्याला कोणी विचारलं नाही. मी पण नाही विचारलं, बीबी म्हणाल्या. माझ्या लग्नापर्यंत त्याने माझे हात धुतले.

सईदसाहेब म्हणाले, "माँ, ये आपने कभी नहीं बताया."

हेही हिंदीतच म्हणाले ते, का कोण जाणे. बीबींचे दोन्ही हात मांडीवर होते आणि त्या हातांकडेच बघत होत्या. इतके दिवस समोर बसून हसणारी ती ताठ बाई मला एकदम लहान दिसली. मला वाटलं होतं, चित्र पाहून त्यांचा अपमान होईल. मी त्यांच्यासाठी लाजले होते. त्या कुणा वेगळ्याच माणसासाठी लाजत होत्या, आणि ती लाज माझ्या लाजेपेक्षा फार जुनी होती.

झाकायचं नाही, असं त्यांनी मला सांगितलं. सईदसाहेबांना विचारलंसुद्धा नाही. ते बाहेर निघून गेले. मेनन सर त्यांच्या मागे गेले आणि जरा वेळाने एकटेच परत आले. गाडीत बसल्यावर ते म्हणाले की त्यांच्याही आजोळच्या घरी मागच्या दारी पानावर जेवणारी माणसं होती. मी हं म्हटलं. आमच्या घरी काय होतं ते मलाही माहीत होतं. विहिरीवर कोणी यायचं नाही, कोणाला वरून पाणी घातलं जायचं, हे मी आईच्या तोंडून हसत सांगितलेल्या आठवणी म्हणून ऐकलं होतं. वर्कशॉप येईपर्यंत आम्ही दोघं बाहेर बघत बसलो.

काम पुरं करायला मला आणखी काही आठवडे लागले. बारीकसारीक उडालेला रंग भरायचा होता. पहिले काही दिवस मी बीबींच्या नजरेला नजर देत नव्हते. रंग कच्चा आहे म्हणून जे सांगितलं होतं ते मी त्यांच्यापाशी काढलं, तर त्या म्हणाल्या की रंग कच्चा नव्हता हे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं, माझ्या हातून कॉफी सांडली तेव्हा. मग एका सकाळी त्यांनी विचारलं, याला नीट चेहरा देता येईल का? माणसाचा. मबरूक कसा दिसायचा ते त्या मला सांगतील.

मी नाही म्हटलं. मूळ चित्रात भर घालणं आमच्या कामात बसत नाही, ते खोटं ठरतं. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं त्या आग्रह करतील. मनातून वाटत होतं, करावा. त्यांनी केला नाही. म्हणाल्या, ठीक आहे, ज्याने बघितलं नाही त्याचं न बघणं तसंच दिसू दे.

वॉशस्टँड जेवणघराबाहेर गेला नाही. तिथे साधं ग्रॅनाइटचं बेसिन बसलं. तो बीबींच्या त्या खोलीतच राहिला, दारं भिंतीकडे न करता, खोलीत येणाऱ्याला समोर दिसेल असा. मेनन सरांना कंपनीच्या ब्रोशरसाठी फोटो हवे होते. सईदसाहेबांनी नकार दिला आणि मेनन सरांनी पुन्हा विचारलं नाही.

सईदसाहेब मला नंतर एकदा भेटले, रुवीतल्या त्यांच्या ऑफिसात. लिली पुसण्याआधीचा फोटो माझ्याकडे आहे का, असं त्यांनी विचारलं होतं, तो मोठा प्रिंट करून मी घेऊन गेले होते. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मी विचारलं, त्या घरातलं कोणी हयात आहे का, त्यांना विचारता येईल, लिली कोणी रंगवली, कशासाठी. मित्राची बहीण आहे, ते म्हणाले. फोन नंबरही आहे. पण विचारणार नाही. हो, तुझ्यासाठीच, म्हणाली तर तिच्या आईचे आभार मानायचे की रागवायचं, ते मला ठरवता येत नाही. नाही म्हणाली तर माझ्याकडे तेवढंही राहणार नाही.

मी माफी मागितली. त्यांनी शांतपणे सांगितलं की काढायला हो मीच म्हटलं होतं. ते खरं होतं. त्याने मला काही बरं वाटलं नाही. विचारायचं कसं, हे मी ठरवलं होतं. 'वाट लावलीय' असं सांगून विचारलं की माणूस नाही कशाला म्हणेल?

पुढे मी नोकरी सोडून पुण्याला परत आले. ओव्हरपेंट अजूनही काढते, ते कामच आहे. फक्त आता सुरुवातीला मालकाला एक प्रश्न जास्त विचारते, की हे झाकलं तेव्हा घरात कोण येणार होतं, काय घडलं होतं, काही ऐकलंय का. बहुतेकांना काही माहीत नसतं. काही चिडतात. मग मी तो भाग तसाच ठेवते आणि बाकीचं काम करते. यावरून दोन-तीन कामं हातची गेली.

आमच्या कामात एक नियम पहिल्या वर्षापासून घोकून घेतात. तुम्ही वस्तूला जे काही लावाल, ते पुढच्या माणसाला काढता आलं पाहिजे. नियम चांगलाच आहे. मात्र तुम्ही जे काढाल ते परत लावता आलं पाहिजे, असा नियम नाही. तो करता येणार नाही म्हणून केला नसावा.